एकच कमांड सगळ्या कॉम्प्युटरवर चालत नाही

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बसवलंय ते घरबसल्या कसं ओळखायचं यावर लेख होता. लेख चांगला होता, म्हणजे माझी तक्रार लेखकाच्या हेतूबद्दल अजिबात नाही, पण त्यात शेवटी एक वाक्य होतं की लिनक्स किंवा युनिक्स जातीची कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम असली तरी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, ही एक कमांड मारा आणि सगळं समोर येतं. साहेब, माझं शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस-बावीस वर्षं झाली, आणि सोमवारी सकाळी शटर अर्धं वर केलं तोवर तुमच्या त्या एका वाक्यामुळं दोन माणसं पायरीवर उभी होती, जेवायच्या आधी आणखी दोन आली. म्हणून हे पत्र. (कमांडची नावं देवनागरीत लिहितोय कारण मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू आहे आणि दर दोन शब्दांनी तो बदलायचा कंटाळा येतो. मारताना अर्थात रोमनमध्ये मारायच्या.)

तुमच्या लेखातली कृती अशी होती की प्रोक नावाच्या फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाइल वाचायची आणि 'मॉडेल नेम'ची ओळ बघायची. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर आणि त्यावर लिनक्स, एवढं असलं तर बरोबर आहे, मी स्वतः रोज हेच करतो.

पहिला माणूस लक्ष्मीपुरीतला, लग्नपत्रिका छापतो, डीटीपीला मॅक मिनी आहे. त्याला उत्तर आलं 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. तो घाबरून म्हणाला दादा, आत काहीच नाही म्हणतोय, व्हायरसनं खाल्लं काय? आता गंमत अशी की मॅक हा युनिक्सच आहे, २००७ पासून त्याला युनिक्सचं रीतसर सर्टिफिकेट आहे, कागदावर बघितलं तर लिनक्सपेक्षा तोच जास्त युनिक्स, पण त्याच्यात प्रोक नावाचं फोल्डरच नाही. तिथं सिसकंट्रोल नावाच्या कमांडला विचारावं लागतं, लिहिताना ते एस वाय एस सी टी एल असं लिहितात. विचारलं तर प्रोसेसर 'ॲपल एम१' असं सरळ सांगितलं, पण रॅम विचारली तर आकडा आला ८५८९९३४५९२. तो माणूस दोन मिनिटं बोटानं शून्य शोधत होता. बाइटमध्ये सांगतं ते, १०२४ नं तीनदा भागलं की बरोब्बर ८ जीबी.

दुसरा कॉलेजचा पोरगा, रास्पबेरी पाय ४ नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेऊन. त्याच्याकडं लिनक्सच होतं, फाइलही होती, पण तुमची 'मॉडेल नेम'ची ओळच नव्हती. काका, ओळ गायब आहे म्हणाला. गायब नाही, तिथं ती नसतेच. एआरएम जातीच्या प्रोसेसरवर (इंटेल-एएमडीहून ही वेगळी जात) ६४ बिट लिनक्स असलं तर ती फाइल नाव सांगत नाही, नंबर सांगते, इम्प्लिमेंटर ४१ आणि पार्ट डी०८. हे सोळाच्या हिशोबातले आकडे, म्हणजे ९ नंतर ए, बी, सी करत एफपर्यंत जायचं आणि मग १०. आता ४१ म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरमाळेत इंग्रजी ए, एआरएमचा ए, आणि डी०८ म्हणजे कॉर्टेक्स ए७२. हे डोक्यात कोण ठेवणार, म्हणून एलएससीपीयू नावाची कमांड आहे, तिच्या पोटात हा तक्ता आहे, ती नंबर बघून नाव छापते. आणि बोर्ड कुठलं ते हवं असलं तर डिव्हाइस ट्री म्हणून एक जागा आहे तिथं 'रास्पबेरी पाय ४ मॉडेल बी' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पोरगं खूश होऊन गेलं, पैसे काय घ्यायचे यात.

तिसरा मात्र भांडायला आला होता. एका ऑफिसचे मालक, त्यांच्याकडं इंटरनेटच्या लाइनवर फायरवॉलचा छोटा डबा मीच बसवलाय, त्यात फ्रीबीएसडी नावाची युनिक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टिम चालते. त्यांनी तुमची फाइल शोधली, मिळाली नाही कारण फ्रीबीएसडीत प्रोक फोल्डर आपणहून जोडलेलं नसतं, मग कुठल्या तरी पोरानं त्यांना युनेम कमांड सांगितली, ती मारली आणि उत्तर आलं एएमडी६४. झालं. "मी बिलात इंटेल लिहून घेतलंय, हा एएमडी कुठनं आला, आमच्या डोळ्यात धूळ फेकता काय?" दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्यासमोर. मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की साहेब, तो एएमडीचा चिप नाही म्हणत, तो प्रोसेसरला कळणाऱ्या हुकमांच्या भाषेचं नाव सांगतोय. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरची ३२ बिटची भाषा ६४ बिटला एएमडीनं नेली, २००३ ला ऑप्टेरॉन प्रोसेसर आला तेव्हा, आणि इंटेलनं पुढच्या वर्षी तीच घेतली. म्हणून फ्रीबीएसडीवाले त्या भाषेला एएमडी६४ म्हणतात, इंटेलच्या प्रोसेसरवर असलं तरी. लिनक्सवाले त्यालाच एक्स८६ अंडरस्कोर ६४ म्हणतात, आणि सोलॅरिस नावाच्या आणखी एका युनिक्सवर तीच कमांड त्याच मशीनवर मारली तर आय८६पीसी असं तिसरंच काहीतरी येतं. चिप तोच. मग सिसकंट्रोलला एचडब्ल्यू डॉट मॉडेल विचारून त्यांना स्क्रीनवर इंटेल सेलेरॉन असं वाचायला लावलं तेव्हा कुठं चहा प्यायले.

चौथे एक रिटायर्ड गुरुजी, त्यांचं सगळं चाललं, फक्त ८ जीबी रॅमच्या जागी साडेसात काहीतरी दिसतंय, अर्धा जीबी मी काढून घेतला का एवढंच त्यांना विचारायचं होतं. लिनक्स जो आकडा दाखवतं त्यातून डिस्प्लेसाठी राखून ठेवलेली आणि कर्नलनं (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) आधीच स्वतःसाठी घेतलेली रॅम वजा झालेली असते. ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते ते वेगळं कारण, कंपनी हजारानं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ नं. गुरुजी गणिताचे, लगेच कळलं त्यांना.

तर साहेब, हे असं का होतं ते तुमच्या लेखात यायला हवं होतं. १९८८ ला पॉझिक्स नावाचं स्टँडर्ड झालं, युनिक्स जातीच्या सगळ्यांनी कसं वागायचं त्याचं. फाइल कशी उघडायची, प्रोग्रॅम कसा सुरू करायचा, शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) कसा असायचा हे त्यात ठरत गेलं आणि अजून सगळे बऱ्यापैकी पाळतात, पण मशीनच्या पोटात काय बसवलंय हे विचारायची पद्धत त्यात जवळजवळ नाहीच. युनेम आहे, ती मशीनची जात सांगते, तीही वर सांगितलं तशी प्रत्येकाच्या आपापल्या बोलीत. बाकीचं ज्याचं त्यानं केलं. लिनक्सनं आधी प्रोकमध्ये सगळं कोंबलं आणि मग २.६ कर्नलपासून, म्हणजे २००३ च्या शेवटाला, सिस नावाचं नीट लावलेलं फोल्डर काढलं. बीएसडीवाले सिसकंट्रोलवर राहिले, त्यातल्या ओपनबीएसडीनं तर प्रोक पुढं मुळासकट काढून टाकलं. सोलॅरिसला पीआरटीकॉन्फ, आयबीएमच्या एआयएक्सला एलएसडेव्ह. गंगावेशीत उभ्या असलेल्या माणसाला अंबाबाईच्या देवळाचा जो रस्ता सांगाल तोच बिंदू चौकातल्याला सांगून कसं चालेल, देऊळ एकच आहे पण आधी तू कुठं उभा आहेस ते विचारावं लागतं का नाही. तसं इथं आधी युनेमला एस लावून विचारायचं की बाबा तू कोण, लिनक्स, डार्विन (मॅक स्वतःला डार्विन म्हणवतो) का फ्रीबीएसडी, आणि मग पुढचा प्रश्न.

यातून सुटका करणारे प्रोग्रॅम नाहीत असं नाही. निओफेच माहीत असेल, ते ऑपरेटिंग सिस्टिमचं चित्र आणि शेजारी मशीनची माहिती असं दाखवतं, पोरं स्क्रीनशॉट टाकतात त्याचे. २०२४ ला त्याचं काम बंद झालं, आता लोक फास्टफेच वापरतात. पण निओफेच उघडून वाचलं तर आत जादू काही नाही, नुसता शेल स्क्रिप्ट, लिनक्स असेल तर असं, मॅक असेल तर तसं, सोलॅरिस असेल तर आणखी कसं, अशी हजारो ओळींची यादी. त्याहून जुनी म्हणजे कॉन्फिग डॉट गेस नावाची स्क्रिप्ट, १९९२ पासूनची, सोर्सकोडवरनं सॉफ्टवेअर बांधताना मशीन कुठलं ते ओळखायला वापरतात, आणि तिच्यात फ्रीबीएसडीसाठी एक ओळ फक्त एवढ्यासाठी आहे की एएमडी६४ असं उत्तर आलं तर ते एक्स८६ ६४ समजायचं. म्हणजे माझ्या त्या भांडणाचा निकाल कुणीतरी आधीच लावून ठेवलाय. प्रोसेसरमध्ये कोर किती, कुठली कॅश (प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी) कुणाच्या वाटणीची हे बघायचं असलं तर एचडब्ल्यूलॉक चांगलं, लिनक्स, बीएसडी, मॅक, सोलॅरिस सगळीकडं चालतं आणि त्याचं एलएसटोपो मशीनचा नकाशा काढून देतं. कोर मोजताना तेवढं लक्षात ठेवा की बऱ्याच कमांडी हायपरथ्रेडिंगचे (एका कोरचे दोन दाखवायची युक्ती) पण धरून मोजतात, ४ कोरचा प्रोसेसर ८ दिसतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं लॉटरी लागली.

माझं मत विचाराल तर नावावर जाऊच नये, नंबरावर जावं. मशीनमधल्या प्रत्येक पीसीआय कार्डाला (ग्राफिक्स, नेटवर्क वगैरे) दोन नंबर असतात, एक कंपनीचा, एक मालाचा, आणि ते चिपमध्येच असतात त्यामुळं लिनक्सवर एलएसपीसीआयनं विचारा, फ्रीबीएसडीवर पीसीआयकॉन्फनं विचारा, ओपनबीएसडीवर पीसीआयडंपनं विचारा, नंबर तोच येणार. इंटेलचा नंबर ८०८६, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचा आकडाच त्यांनी कंपनीचा नंबर म्हणून घेतलाय, हौसच म्हणायची. एनव्हिडियाचा १०डीई. रिअलटेकचा १०ईसी. एटीआय कंपनी २००६ ला एएमडीनं घेतली, नाव पुसलं गेलं, पण त्या ग्राफिक्स कार्डांचा नंबर अजून १००२ च आहे. समोर जे नाव छापून येतं ते चिपमधून येत नाही, पीसीआय डॉट आयडीज नावाच्या फाइलमधून येतं, लोकांनी मिळून केलेली यादी आहे ती, आणि तुमच्याकडची फाइल जुनी असेल तर नव्या कार्डाचं नाव न येता नुसता नंबर दिसतो. लोक म्हणतात कार्ड ओळखलं नाही. ओळखलंय हो, फक्त नाव माहीत नाही, कार्ड चालतंय का ते वेगळं बघायचं. एकच रिअलटेकचं नेटवर्क कार्ड, १०ईसी आणि ८१६८, घरोघरी आहे, त्याला लिनक्स ईएनपी३एस० म्हणतं, फ्रीबीएसडी आरई० म्हणतं. आता यातल्या नावावर विसंबून कुणी स्क्रिप्ट लिहिली तर दुसऱ्या मशीनवर मोडणार का नाही.

नंबराच्या जागी नाव वापरल्यावर काय होतं ते मी उद्यमनगरात बघितलंय. एका वर्कशॉपमध्ये दोन सीएनसी मशीनं (प्रोग्रॅमवर चालणारी कातकामाची), एक लेथ आणि एक मिलिंग, दोन्ही जुनी, कॉम्प्युटरवरनं प्रोग्रॅम पाठवायचा तो सिरियल केबलनं. कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नाही म्हणून मी दोन यूएसबीच्या केबली लावल्या, सीएच३४० चिपच्या, स्वस्तातल्या, नंबर १ए८६ आणि ७५२३. लिनक्सनं एकीला टीटीवाययूएसबी० म्हटलं आणि दुसरीला १, मी पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच घालून मोकळा झालो. आठ महिने सुरळीत. मग एका सोमवारी, उद्यमनगरची सुट्टी, त्या दिवशी लाइट जाऊन आली, मंगळवारी कॉम्प्युटर चालू केला तेव्हा दोन्ही केबलींची नावं अदलाबदल झाली होती कारण जी आधी सापडेल ती शून्य. ऑपरेटरनं लेथला प्रोग्रॅम पाठवला तो शेजारच्या मिलिंगला गेला. बरं तर बरं, मिलिंगवाला वाकून स्क्रीनवरचा ओ नंबर (म्हणजे प्रोग्रॅमचा नंबर) वाचणारा जुना माणूस होता, सायकल स्टार्टच्या बटणावर हात न ठेवता मला फोन केला, "काय रं हे, माझ्या मशीनला गिअरचा ब्लँक टर्निंग करायला सांगतोय?" नाहीतर टूल आणि जॉब दोन्हीचं कल्याण होतं, आणि दुकानदाराचंही.

आता इथं नुसता नंबर पुरत नाही हेही कबूल करतो, कारण दोन्ही केबलींचा नंबर एकच, आणि सीएच३४० मध्ये बहुतेक वेळा प्रत्येक नगाचा वेगळा सिरियल नंबर नसतो. मग लिनक्समध्ये बायपाथ म्हणून जागा आहे, केबल कुठल्या यूएसबी भोकात खोचलीय त्यावरनं ओळखायची. ते घातलं आणि दोन्ही भोकांवर पेंटनं लाल-हिरवा ठिपका दिला. तेच वर्कशॉप उद्या मॅकवर गेलं तर तिथं नाव सीयू डॉट यूएसबीसिरियल असं काहीतरी असणार आणि फ्रीबीएसडीवर सीयूएयू०, पण ठिपका तोच राहील.

आणखी एक गोष्ट, तुमच्या लेखात मशीनचा सिरियल नंबर काढायला डीएमआयडीकोड सांगितलंय. त्याला रूटचा (मशीनच्या मुख्य खात्याचा) अधिकार लागतो हे लिहिलंच नाही, ते एक असो. पण ती कमांड जे सांगते ते बोर्ड बनवणाऱ्यानं बायोसमध्ये (बोर्डावरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये) भरलेलं असतं, म्हणजे भरलं असलं तर. जोडून घेतलेल्या मशीनमध्ये ती जागा कोण भरतो? एका शाळेत मला १४ कॉम्प्युटरची यादी करायला सांगितली होती, मी स्क्रिप्ट चालवून प्रिंट क्लार्कच्या हातात दिली आणि गेलो. वर्षानं ऑडिटच्या वेळी बोलावणं आलं. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये १४ च्या १४ मशीनपुढं, सुंदर अक्षरात, सिरियल नंबरच्या रकान्यात 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.', म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनं भरायचं. ऑडिटर विचारत होता की चौदा वस्तूंना एकच नंबर कसा. चूक क्लार्कची नाही, माझी. स्क्रिप्टला अक्कल पाहिजे होती की हे उत्तर नाही, ही रिकामी जागा आहे. आता मी त्या वाक्याला, 'डीफॉल्ट स्ट्रिंग'ला, 'सिस्टिम सिरियल नंबर' अशा शब्दशः उत्तराला, ओळीनं शून्यांना, सगळ्यांना गाळतो आणि तिथं 'मिळाला नाही' असं छापतो, आणि ओळख पटवायला नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा नंबर, ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) आणि डिस्कचा सिरियल नंबर घेतो, ते दोन्ही सहसा खरे असतात. मदरबोर्डचा नंबर पण बऱ्याचदा भरलेला असतो. शाळेचं रजिस्टर लाल शाईनं दुरुस्त केलं, मुख्याध्यापकबाईंची प्रत्येक ओळीला सही घेऊन, चौदा सह्या.

भाड्याच्या सर्व्हरवर तर हा सगळा प्रकारच वेगळा, तिथं बायोस पण खोटा आणि डिस्क पण खोटी, कंटेनरमध्ये (एकाच मशीनमध्ये पाडलेल्या कप्प्यात) असाल तर प्रोकमधली रॅम मालकाच्या पूर्ण मशीनची दिसते, तुमच्या वाटणीची नाही. त्यात मी पडत नाही, माझ्याकडं ते गिऱ्हाईक येत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी एक चौकट द्या, मोठी नको. प्रोसेसर, रॅम, कार्डं, डिस्क या चार गोष्टी लिनक्स, मॅक आणि फ्रीबीएसडीवर कशा विचारायच्या, बारा खाने होतात. सुरुवातीला युनेम एस मारून आपण कुठं उभे आहोत ते बघायला सांगा, आणि उत्तर नाही आलं म्हणजे मशीन बिघडलं असं नाही हेही एका ओळीत. हवी तर माझी स्क्रिप्ट देतो, दोनशे ओळींची आहे, तीनही ठिकाणी चालते, साध्या शेलमध्ये लिहिलीय म्हणजे लिनक्सवर सहसा असतो तो बॅश नावाचा शेल नसला तरी चालते (फ्रीबीएसडीवर बॅश आपणहून नसतो, त्यात पण एकदा हात पोळलेत). पैसे नकोत, नाव पण छापू नका, भांडणारे वाढतील.

आणि कमांड छापाल त्या वेगळ्या टाइपात छापा हो. तुमच्या लेखात जाता जाता आलेल्या एलएससीपीयूमधला एल तुमच्या छपाईत एकासारखा दिसतो, गुरुजींनी आधी अर्धा तास '१एससीपीयू' मारून बघितलं होतं, ते त्यांनी मला जाता जाता सांगितलं.

आपला वाचक,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला,
शाहूपुरी, कोल्हापूर